चिठ्ठी टाकून ठरलेलं औषध

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका प्रिस्क्रिप्शनचा फोटो फिरत होता. नात्यातले एक काका ऑक्सिजनवर होते. कागदावर रेमडेसिव्हिर लिहिलं होतं, त्यासाठी दोन चुलतभाऊ पहाटेपासून औषधांच्या दुकानांसमोर रांगेत उभे होते. प्लाझ्मा लिहिला होता, त्यासाठी वहिनी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला फोन करून “कोविड होऊन किती दिवस झाले? रक्तगट कोणता?” असं विचारत होती. आणि सगळ्यात खाली, घाईत खरडलेली एक ओळ होती: डेक्सा ६ मि.ग्रॅ., दिवसातून एकदा. ते वॉर्डातच पडलेलं असायचं. त्यासाठी कुणाला धावावं लागलं नाही, त्यामुळे त्या ओळीकडे कुणी पाहिलंही नाही.

या तिन्हींपैकी जीव वाचवतं असा भक्कम पुरावा तोवर फक्त त्या शेवटच्या ओळीच्या बाजूने होता. हे आता सुचलेलं शहाणपण नाही. प्लाझ्माचा फायदा दिसत नाही हे आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ पेशंटवर केलेल्या चाचणीतून २०२० च्या ऑक्टोबरमध्येच छापून आलं होतं. रेमडेसिव्हिरने मृत्यू फारसे टळत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेची मोठी चाचणी त्याच महिन्यात सांगत होती. (पुढे तिच्या अंतिम आकड्यांत व्हेंटिलेटरवर नसलेल्यांना थोडा फायदा दिसला, पण घरदार विकून काळ्या बाजारात जावं एवढा नाही.) डेक्सामेथासोनचं, म्हणजे त्या ‘डेक्सा’ नावाच्या स्टिरॉइडचं, उत्तर तर २०२० च्या जूनमध्येच आलं होतं. ते आलं ऑक्सफर्ड विद्यापीठातून.

ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्याला कोविशील्ड आठवते. लस शोधली तिकडे आणि बनली आपल्या हडपसरला, त्यामुळे पुणेकरांना तर ती घरचीच वाटते. पण त्याच विद्यापीठात त्याच वर्षी झालेलं दुसरं काम फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यात नवं औषध शोधलेलं नव्हतं. जुनीच औषधं घेऊन त्यातलं कोणतं चालतं आणि कोणतं नाही, एवढंच पाहिलं होतं. ‘एवढंच’ म्हणायला सोपं आहे.

आधी हे पाहू, की औषध चाललं की नाही ते डॉक्टरला कळत का नाही. रोज पेशंट बघतो तो, त्याला नाही कळणार तर कुणाला?

ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेत रुग्णालयात दाखल झालेल्या आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या १०० पेशंटांपैकी सुमारे २६ जण २८ दिवसांच्या आत गेले. म्हणजे ७४ वाचले. आता समजा त्या शंभरही जणांना मी रोज हळदीचं दूध दिलं असतं, तर ७४ जण हळदीच्या दुधाने बरे झालेले दिसले असते. त्यातल्या प्रत्येकाने शपथेवर सांगितलं असतं. मी खोटारडा नसतो आणि तेही नसते. पण दुधाचा त्यात काही हात आहे का, हे मात्र कुणालाच कळलं नसतं. बरे झालेले पेशंट पेढे घेऊन येतात, गेलेले येत नाहीत, आणि दूध दिलं नसतं तर काय झालं असतं हे तर कुणीच येऊन सांगत नाही.

मग औषध मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना करावी? तीही फसवी. औषध कुणाला मिळालं, हे काही आपोआप ठरत नाही. कधी डॉक्टर ते सर्वांत अत्यवस्थ पेशंटला देतो, मग औषध घेणारे जास्त दगावतात आणि चांगलं औषध विषासारखं दिसतं. कधी ते ज्याच्याकडे पैसा, ओळख आणि रांगेत उभे राहणारे दोन चुलतभाऊ आहेत त्यालाच मिळतं. असा माणूस बहुधा रुग्णालयातही लवकर पोचलेला असतो. मग निरुपयोगी औषधही संजीवनी वाटतं.

ही गाठ पहिल्यांदा नीट सुटली ती दवाखान्यात नाही, शेतात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा गणिती कामाला लागला. तिथे वर्षानुवर्षांच्या खतांच्या प्रयोगांची दप्तरं पडली होती. अडचण आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल अशी: एकाच वावरात विहिरीकडची जमीन वेगळी, बांधाकडची वेगळी, झाडाच्या सावलीतली आणखी वेगळी. नवं खत विहिरीकडच्या वाफ्याला घातलं आणि पीक जोमात आलं, तर ते खतामुळे की विहिरीमुळे? फिशरचं म्हणणं असं की वाफे आपण निवडूच नयेत. आपली निवड कितीही प्रामाणिक असो, तिच्यात काहीतरी कल शिरतोच. निवड नशिबावर सोडा, चिठ्ठी टाका. पुरेसे वाफे घेतले तर चांगली जमीन आणि वाईट जमीन दोन्ही बाजूंना साधारण सारखी वाटली जाते. आपल्याला माहीत असलेले फरक तर वाटले जातातच, पण ज्यांची आपल्याला कल्पनाही नाही तेही वाटले जातात. चिठ्ठीची खरी ताकद या दुसऱ्या गोष्टीत आहे.

वाफ्यांच्या जागी माणसं ठेवायला आणखी वीसेक वर्षं गेली. ते काम केलं ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठलं आणि ते राहून गेलं. मग टपालाने शिकून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि संख्याशास्त्राकडे वळले. १९४७ साली स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं नवं औषध आलेलं होतं, आणि युद्धाने कफल्लक झालेल्या ब्रिटनकडे ते सगळ्यांना पुरेल इतकं विकत घ्यायला पैसे नव्हते. तसंही सगळ्यांना देता येणार नाही, तर मग कुणाला द्यायचं हे चिठ्ठीनेच का ठरवू नये? कुणाला काय द्यायचं ते आत लिहिलेली बंद पाकिटं तयार झाली. १०७ पेशंट, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती, जी तेव्हाची नेहमीची पद्धत होती. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ जण दगावले, दुसऱ्या गटातले १४. क्षयाने स्वतःच्या आयुष्याची वाट बदललेल्या माणसाने मांडलेला हा हिशेब.

इथे बरेच जण अस्वस्थ होतात. माणसाच्या जिवाशी सोडत खेळायची? मलाही आधी तसंच वाटायचं. पण सोडत तेव्हाच काढतात, जेव्हा औषध तारील की मारील हे खरोखरच कुणाला ठाऊक नसतं. अशा वेळी ‘मी माझ्या मताने देतो’ असं म्हणणारा डॉक्टरही एक प्रकारची सोडतच काढत असतो. फरक एवढाच की त्याच्या सोडतीचा निकाल कुणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे पुढच्या पेशंटसाठी पुन्हा तीच सोडत.

आता ऑक्सफर्ड. १९८० च्या दशकात तिथे रिचर्ड पीटो आणि रोरी कॉलिन्स हे संशोधक साथीदार, आणि हृदयरोगाचे डॉक्टर पीटर स्लाइट, यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की केली होती. बहुतेक औषधं चमत्कार करत नाहीत. शंभरात दोन-तीन जीव वाचवतात. दोन-तीन थोडे नाहीत, आजार लाखो लोकांना होणारा असेल तर ते हजारोंनी जीव आहेत. पण एवढा बारीक फरक छोट्या चाचणीत दिसतच नाही. नाणं दहा वेळा उडवून सात वेळा छापा पडला तर कुणी भुवई उंचावत नाही. दहा हजार वेळा उडवून सात हजार वेळा पडला, तर नाण्यात खोट आहे. म्हणून चाचणी प्रचंड मोठी हवी, आणि मोठी हवी तर सोपी हवी, कारण ड्यूटीवरच्या दमलेल्या डॉक्टरला चाळीस पानी फॉर्म दिला तर तो पेशंट घालणारच नाही.

त्यांच्या १९८८ साली छापून आलेल्या चाचणीत, तिचं नाव आयसिस-२, ४१७ रुग्णालयांतले हार्ट अटॅकचे १७,१८७ पेशंट होते. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू असे: साधी ॲस्पिरिन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के, दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. आज छातीत कळ आली की ॲस्पिरिन देतात, त्यामागे हा पुरावा आहे.

या चाचणीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शोधनिबंध छापण्यापूर्वी नियतकालिकाच्या संपादकांनी आग्रह धरला की पेशंटांचे गट पाडून दाखवा: कोणत्या प्रकारच्या पेशंटला फायदा झाला, कोणत्या नाही. संशोधकांना हे धोक्याचं वाटत होतं. पुरेशा वेळा तुकडे पाडले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात नुसत्या योगायोगाने उलटा निकाल निघतोच. शेवटी त्यांनी गट पाडले, पण सोबत एक जास्तीचा तक्ताही जोडला, जन्मराशीप्रमाणे. त्यात मिथुन आणि तूळ राशीच्या पेशंटांना ॲस्पिरिनचा फायदा होत नाही, उलट किंचित तोटाच होतो, असं दिसलं. बाकीच्या दहा राशींना मात्र उत्तम फायदा. (पाश्चात्त्य, सूर्याच्या राशी बरं का, आपल्या पत्रिकेतल्या चंद्रराशीवर अजून संधी आहे.) संशोधनाच्या जगात हा विनोद गेली तीसहून अधिक वर्षं सांगितला जातो, आणि त्याचं काम पुढे येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

मार्च २०२० च्या सुरुवातीला याच परंपरेतले मार्टिन लँड्रे लंडनमध्ये बसने जात असताना त्यांची गाठ संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे प्रमुख जेरेमी फॅरार यांच्याशी पडली. लँड्रे हृदयरोगाच्या अवाढव्य चाचण्या चालवणारे. साथीच्या आजारांचा त्यांना अनुभव नव्हता. फॅरार यांनी पीटर हॉर्बी यांचं नाव सुचवलं. तेही ऑक्सफर्डचेच, पण दुसऱ्या विभागातले, साथीच्या आजारांचे डॉक्टर. वुहानमधल्या चाचण्यांत हॉर्बी यांचाही हात होता. त्यातली रेमडेसिव्हिरची चाचणी अर्धवट थांबली होती, कारण साथ ओसरली आणि पेशंटच मिळेनात. साथीतल्या संशोधनाचं हे नेहमीचं रडगाणं: कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत साथ निघून जाते.

एकाच विद्यापीठातली दोन माणसं एकमेकांना भेटायला बसचा प्रवास लागावा, याचं मला आधी हसू आलं. पण ज्यांनी कुठल्याही मोठ्या विद्यापीठात काम केलंय त्यांना ते मुळीच नवल वाटणार नाही. प्रत्येक विभाग म्हणजे एक स्वतंत्र वाडा असतो.

चाचणीच्या आराखड्याचा पहिला मसुदा झाल्यापासून नऊ दिवसांत, १९ मार्चला, पहिला पेशंट नोंदवला गेला. नाव ठेवलं ‘रिकव्हरी’. हळूहळू ब्रिटनमधली पावणेदोनशेच्या आसपास सरकारी रुग्णालयं त्यात आली. खाटेशेजारी प्रत्यक्षात काय व्हायचं ते पाहू. नर्स किंवा डॉक्टर पेशंटला माहिती देऊन संमती घेणार. तो बेशुद्ध असेल तर नातेवाईक, तेही नसतील तर उपचारांशी संबंध नसलेला डॉक्टर संमती देणार. मग संगणकावर थोडी माहिती भरायची: वय, मधुमेह वगैरे आहे का, ऑक्सिजनवर आहे की व्हेंटिलेटरवर. अमुक औषध या पेशंटला चालणार नाही असं डॉक्टरला वाटलं तर ते आधीच बाजूला काढायचं, बाकीच्यांतून संगणक एकाची चिठ्ठी काढणार: नुसते नेहमीचे उपचार, की त्यासोबत डेक्सामेथासोन, की हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, की एचआयव्हीवरची लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर, की ॲझिथ्रोमायसिन. मग २८ दिवसांनी, किंवा त्याआधी पेशंट घरी गेला वा दगावला तर तेव्हा, एकच फॉर्म. मृत्यूची नोंद राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दप्तरातून परस्पर जुळवायची.

खोट्या गोळ्या दिलेल्या नव्हत्या. कुणाला काय मिळालं हे डॉक्टरला आणि पेशंटला माहीत असायचं. काही तज्ज्ञांना ते खटकलं. दुखणं किती कमी झालं असं विचारायचं असतं, तर खटकायलाच हवं होतं, कारण तिथे मनाचा परिणाम होतो. पण इथे प्रश्न होता माणूस जिवंत आहे का. औषध माहीत असल्याने त्याचं उत्तर लिहिताना कुणाची चूक होत नाही. मोठेपणासाठी इतर गोष्टी सोडल्या, पण कोणत्या सोडायच्या ते विचार करून.

आकड्यांवर नजर ठेवायला एक वेगळी समिती होती. चाचणी चालवणाऱ्यांना मधले निकाल दिसत नसत. हे नीट केलं नाही तर काय होतं हे क्रिकेट बघणाऱ्यांना सांगायला नको: आपला संघ पुढे असताना सामना थांबवावासा वाटतो.

१६ जून २०२० ला डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर झाला. मसुद्यापासून ९८ दिवस. औषध मिळालेले २,१०४, नेहमीचे उपचार मिळालेले ४,३२१. (दुसरा गट दुप्पट, कारण तोच एक गट सगळ्या औषधांच्या तुलनेला वापरायचा होता.) मृत्यू २२.९ टक्के विरुद्ध २५.७ टक्के. म्हणजे शंभरात जवळपास तीन जीव.

पण खरी गोष्ट आत आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांत औषध मिळालेल्या ३२४ पैकी ९५ जण गेले, न मिळालेल्या ६८३ पैकी २८३. टक्क्यांत २९.३ विरुद्ध ४१.४. दर आठ जणांना औषध दिलं की एक जीव वाचतो, तेही दशकानुदशकं प्रत्येक दवाखान्याच्या कपाटात असलेल्या स्वस्त औषधाने. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २३.३ विरुद्ध २६.२. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात? १७.८ विरुद्ध १४. औषध मिळालेल्यांतच मृत्यू जास्त. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून ‘मारतं’ असं ठाम म्हणता येत नाही, पण फायदा नक्कीच नाही.

इथे चाणाक्ष वाचक मला मिथुन राशीची आठवण करून देईल. गट पाडू नयेत म्हणून हसलात, आणि आता गट पाडूनच सांगताय? आक्षेप बरोबर आहे. फरक असा की ऑक्सिजनप्रमाणे गट पाडून बघायचं हे निकाल हातात येण्याआधीच ठरलं होतं, आकडे पाहून सुचलेलं नव्हतं. दुसरं, हा बदल पायरीपायरीने होतो: आजार जितका जास्त तितका फायदा जास्त. राशींत अशी चढती पायरी नव्हती. तिसरं, शरीरात काय घडतं त्याच्याशी हे जुळतं. कोविडच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू वाढत असतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढत असते. पुढे काहींच्या बाबतीत विषाणू मागे पडतो, पण प्रतिकारशक्ती शांत होत नाही. आग विझल्यावरही बंबवाले पाणी मारत राहिले तर घर पाण्याने खराब होतं, तसं फुफ्फुसाचं होतं. स्टिरॉइड म्हणजे बंबवाल्यांना थांबा म्हणणारा माणूस. आग चालू असतानाच तो आला तर घर जळणार.

आपल्याकडे ही तळटीपच हरवली. ‘स्टिरॉइडने कोविड बरा होतो’ एवढं पोचलं. ‘ऑक्सिजन लागत असेल तरच, ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस’ हे नाही. ऑक्सिजनची पातळी उत्तम असलेल्यांना घरबसल्या, तापाच्या दुसऱ्याच दिवशी स्टिरॉइड सुरू झाली, आणि डोसही वाट्टेल तेवढे. स्टिरॉइडने रक्तातली साखर चढते आणि प्रतिकारशक्ती दबते. मधुमेहींचा देश आपला. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने किती लोकांचे डोळे आणि जबडे घेतले ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. म्युकरची कारणं एकापेक्षा जास्त होती, पण नको तेव्हा आणि नको तितकं स्टिरॉइड हे त्यातलं मोठं कारण.

रिकव्हरीने ‘नाही’ अशी उत्तरं जास्त दिली. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन: औषधाच्या गटात २७ टक्के मृत्यू, नसलेल्यांत २५. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर नाही. ॲझिथ्रोमायसिन नाही. कोल्चिसिन नाही. ॲस्पिरिनचाही इथे उपयोग झाला नाही, कुणाचीही राशी असो. प्लाझ्मा तर साडेअकरा हजारांवर पेशंटांत तपासला: २४ टक्के विरुद्ध २४ टक्के. ‘हो’ असं उत्तर आलेल्यांत होती टोसिलिझुमॅब आणि पुढे बॅरिसिटिनिब, ही दोन्ही पुन्हा त्या बेभान बंबवाल्यांनाच आवरणारी. नकाराच्या बातम्यांना मथळे मिळत नाहीत. प्लाझ्माबद्दलचा नकार जानेवारी २०२१ चा आहे. भारतात उपचारांच्या अधिकृत यादीतून प्लाझ्मा वगळला गेला १७ मे २०२१ ला. मधल्या चार महिन्यांत किती वहिन्यांनी किती फोन केले असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आमचे काका बाराव्या दिवशी घरी आले. कशाने बरे झाले ते मला विचारू नका, एका माणसावरून ते सांगता येत नाही, एवढंच तर दोन हजार शब्दांत सांगतोय. वहिनीला मात्र शंका नाही. प्लाझ्मा देऊन गेलेल्या त्या कोथरूडच्या मुलाच्या घरी दर दिवाळीला फराळाचा डबा जातो, आणि चकल्या मीच पोचवून येतो.